स्टेपनी पोटाखालून पाठीवर

गेल्या जुलैत कासचं पठार ओलांडून बामणोलीकडे उतरताना माझ्या गाडीचं मागचं डावं चाक बसलं. पंक्चर कुणालाही होतं, त्याचं काही नाही. पण माझी फोर बाय फोर जुनी, आणि तिची स्टेपनी पोटाखाली टांगलेली. मागच्या बंपरला एक भोक आहे. त्यातून हातभर दांडा आत सरकवायचा, न दिसणाऱ्या खाचेत तो अंदाजाने बसवायचा आणि रहाटासारखा फिरवायचा, की साखळीला अडकवलेलं चाक सावकाश खाली येतं. असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. पुस्तक कोरडं होतं. साखळीने मात्र दहा पावसाळे खाल्ले होते. दांडा फिरला, साखळी जागची हलली नाही.

मग मी खाली शिरलो. कासचा तो जांभ्याचा तांबडा चिखल एकदा पाठीला लागला की साबण बदलून भागत नाही, शर्ट बदलावा लागतो. पाऊण तास माझे फक्त पाय बाहेर होते आणि येणारे-जाणारे थांबून त्या पायांशी बोलत होते. "काय झालंय?" "स्टेपनी निघंना व्हय?" एकाने तर पायांनाच बामणोलीचा रस्ता विचारला. इतक्यात एक बोलेरो शेजारून गेली. तिच्या मागच्या दारावर स्टेपनी कशी रुबाबात बसलेली! थारची तशीच, गुरखा गाडीची तशीच. त्या चिखलात उताणा पडल्या पडल्या मी ठरवलं, आपलीही स्टेपनी पोटाखालून पाठीवर आणायची.

त्यासाठी मागचा लोखंडी बार आणि त्याला जोडलेला स्टेपनीचा झुलता हात असा जोड मिळतो. मागचं दार उघडायचं असलं की आधी हा हात बिजागरीवर बाजूला फिरवायचा. मी ऑनलाईन मागवला. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये आणायला गेलो तेव्हा दोन हमालांनी तो खोक्यासकट उचलला, परत ठेवला आणि विचारलं, "सायेब, नांगर हाय का?" वजन 70 किलो. घरी किंमत सांगताना मी जीएसटी वगळला, मग ट्रान्सपोर्ट वगळला, मग डावीकडचा आकडा वगळला.

बसवायला गेलो तात्यांकडे. तात्यांचं शेड एमआयडीसीत आहे आणि त्यांचा खरा धंदा उसाच्या ट्रॉल्यांचा. त्यांनी बारभोवती एक फेरी मारली, बोटाने वेल्डिंग खरवडून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यात काय वो, ट्रॉलीचा हूक बशिवतो तसंच. दुपारच्या जेवणापत्तोर मोकळे करतो तुम्हाला."

त्यांनी कुठल्या दिवसाच्या जेवणापर्यंत ते सांगितलं नव्हतं, ही चूक माझी.

आधी जुना प्लास्टिकचा बंपर काढायचा. तो चौदा क्लिपांवर बसलेला असतो आणि त्या क्लिपा सोडवायची एक पद्धत असते. तात्यांच्या पोराची पद्धत वेगळी होती. तीन क्लिपा जिवंत निघाल्या. मग नवा बार बसेल असा तो बंपर कापायचा. मी घरून मास्किंग टेप नेला होता, रेघ मारायला. मी टेपचं टोक नखाने सोडवतोय तोवर तात्यांनी डोळ्याने रेघ मारून ग्राइंडर चालवलासुद्धा. जळक्या प्लास्टिकचा वास आणि त्यात माझ्या गाडीचा कापलेला ओठ. तो तुकडा आता शेडमधल्या कुत्रीचं पाणी प्यायचं भांडं झालाय. मी परवा पाहिला. बरोबर मापाचा आहे.

खोक्यात एक इंग्रजी कागद होता. त्यावर बोल्ट सोळा, पिशवीत चौदा. तात्यांनी डब्यातून दोन काढले. मी बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचत होतो, कारण चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, 10.9 ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा बोल्ट हवा. तात्यांच्या बोल्टवर काहीच लिहिलेलं नव्हतं. "ट्रॉलीला हेच घालतो, दहा टन ऊस वढतंय," तात्या म्हणाले. मी स्वतः दुचाकीवरून जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून दोन बोल्ट आणले. तेवढ्यात तात्यांनी पिशवीतले चौदाही बोल्ट डाव्या बाजूने सुरू करून करकचून आवळले होते. कागदावर ठळक अक्षरात होतं की आधी सगळे बोल्ट हलके लावायचे, बार चारी बाजूंनी सारखा करायचा आणि मग आवळायचं. आता उजवीकडचं भोक चेसीच्या भोकाशी सहा मिलिमीटरने फटकून बसलं होतं. तात्यांनी पहार लावली. पोरगं पहारीवर बसलं. भोक जवळ आलं, पोरगं उतरलं, भोक परत गेलं.

"इथं जरा टाका मारू का?" तात्या वेल्डिंगच्या मशीनकडे बघत म्हणाले.

इथे मात्र मी गाडीला आडवा झालो. चेसीवर उगाच वेल्डिंग करू नये, तापलेल्या ठिकाणी लोखंडाचा कस जातो. आणि बॅटरीची वायर न काढता करंट सोडला तर गाडीच्या कॉम्प्युटरचा नैवेद्य होतो. हे मी दोन रात्री जागून वाचलं होतं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही बँकेत आसता न्हवं?" शेवटी सगळे बोल्ट सैल केले, खाली जॅक लावला, बार पाळण्यातल्या बाळासारखा हलवून जागेवर आणला. सहा मिलिमीटर आपोआप मिटले. तात्या म्हणाले, "मी तेच म्हणत हुतो."

मग आवळणी. कागदावर 85 न्यूटन मीटर.

"हे काय आस्तं?"

"किती जोर लावायचा ते. एक मीटर लांब पान्हा धरला तर त्याच्या टोकाला साधारण साडेआठ किलो टांगायचे."

"पान्हा तर पाव मीटरचा हाय."

"मग चौपट. चौतीस किलो."

तात्यांनी पोराकडे पाहिलं. "किती भरतोस रं?"

"पंचेचाळीस."

"मग एक पाय भुईवर ठेवून लटक."

टॉर्क रेंच नावाचं हत्यार माझ्या मते यापेक्षा फारसं वेगळं काम करत नसावं.

संध्याकाळी मी मागे उभा राहून पाहिलं. गाडी आणि बार यांच्यामध्ये डावीकडे दोन बोटं फट, उजवीकडे चार. "तात्या, बार वाकडा बसलाय." तात्या लांबून, एक डोळा मिटून बघून म्हणाले, "बार सरळ हाय. गाडी वाकडी हाय." मुलगी दाखवल्यावर पाहुण्यांनी रंगावर बोट ठेवावं तसं मला झालं. दोन वायसर घालून आम्ही गाडी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी वायरमन यायचा होता, तो तिसऱ्या दिवशी आला. या मधल्या वेळात मी शेडमधल्या ड्रमवर बसून स्टेपनी या शब्दाचा शोध घेतला. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. 1904 साली वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी आरे नसलेलं, हवा भरलेल्या टायरचं एक जादा चाक काढलं. पंक्चर झालेलं चाक न काढता हे त्याच्याच शेजारी क्लॅम्पने जखडायचं. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ते स्टेपनी व्हील. त्या रस्त्याचं नाव आज सातारच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे. तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आन् त्येंच्याकडं वायरमन टायमात यायचा का?"

वायरमन का हवा, तर नंबर प्लेट. पाठीवर चाक आलं की मागची पाटी झाकली जाते. ती सरकवून बाजूला घ्यायची, तिचा दिवा तिकडे न्यायचा. पण तीन आठवड्यांपूर्वीच मी रांगेत उभं राहून हाय सिक्युरिटी पाटी बसवून घेतली होती. तिला स्नॅप लॉक असतं. चोराला पाटी बदलता येऊ नये म्हणून ते एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. म्हणजे आता माझीच पाटी काढायची तर मलाच चोर व्हायला हवं होतं. वकील असलेल्या मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "भावजी, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवर लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. शिवाय डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलंय. तुमचा हा मागचा बार त्यात बसतो का, ते शिट्टी वाजल्यावर कळेल." मग तो बराच वेळ हसला. फी म्हणून रविवारी जेवायला आला. पाटी रीतसर अर्ज करून नव्याने बसवून घेतली, त्याची कथा वेगळी आणि ती विनोदी नाही.

गाडी घरी आली आणि खरी मजा सुरू झाली. बार सत्तर, चाक अठ्ठावीस, म्हणजे मागच्या चाकांच्याही मागे एक पैलवान कायमचा बसवल्यासारखं झालं, आणि पैलवानाला उतर म्हणायची सातारा जिल्ह्यात पद्धत नाही. गाडी मागे बसली, तोंड वर झालं. पोवई नाक्यावर हेडलाईट लावला की समोरच्या रस्त्यावर अंधार आणि अजिंक्यतारा लख्ख. रिव्हर्स टाकला की कॅमेऱ्यात फक्त स्टेपनीची नक्षी दिसते, अगदी जवळून. मागे काय आहे ते सोडून टायर किती झिजलाय ते कळतं. गाडी फूटभर लांबली म्हणून आमचं फाटक लागेना. आणि मंडईतून भाजी आणली की आधी कुलूप काढा, खिट्टी ओढा, हात फिरवा, तो फिरायला मागे पाच फूट जागा शोधा, मग दार उघडा, मग मेथी ठेवा. आईने एकदा हा सोहळा पाहिला आणि पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. तेव्हापासून तिथेच बसते.

शिवाय खुळखुळ. प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून लहान मुलाने खुळखुळा वाजवल्यासारखा आवाज. सिग्नलला शेजारचा हमखास काच खाली करून सांगायचा, "मागचं चाक हालतंय वो." मी पुन्हा तात्यांकडे. त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा चौकोनी तुकडा कापला, खिट्टीच्या खोबणीत बोटाने दाबून बसवला. आवाज बंद. पैसे घेतले नाहीत. साडेतीन मिनिटांचं हे काम या सगळ्या प्रकरणात एकमेव असं होतं, जे पहिल्या झटक्यात बसलं.

आणि मग पंक्चर होईना. दोन महिने मी वाट पाहिली. बाभळीच्या कडेने गाडी घातली. बायकोची स्कूटर दोनदा पंक्चर झाली, मला हेवा वाटला.

शेवटी सप्टेंबरातल्या एका रविवारी, फुलांच्या गर्दीत, यवतेश्वरच्या वरच्या अंगाला तो आवाज आला. फस्स. मी अक्षरशः हसत उतरलो. पाठ कोरडी, शर्ट पांढरा. मागच्या गाड्यांची रांग बघत होती. खिट्टी ओढली, हात मस्त फिरला, स्टेपनी छातीच्या उंचीवर, स्वच्छ, समोर. व्हील पान्हा लावला. पान्हा नटावर नुसताच गरगरला.

गाडीच्या चाकांचे नट 21 चे. तात्यांनी स्टेपनीच्या हाताला घातलेले नट 19 चे.

अर्धा तास मी त्या चाकासमोर उभा होतो. या वेळी येणारे-जाणारे माझ्या तोंडाशी बोलत होते, आणि पायांशी बोलायचे तेच बरं होतं. अखेर दुधाच्या पिकअपवाला थांबला, सीटखालून 19 चा रिंग पान्हा काढला, दोन मिनिटांत चाक उतरवून दिलं. मग सवयीने वाकून त्याने गाडीखाली पाहिलं.

"आवं, खाली साखळी लोंबकळतीय की. तिथं आता काय ठेवता?"

"अजून काही नाही," मी म्हणालो. "19 चा पान्हा टांगावा म्हणतोय."