मुंबई-गोवा महामार्ग जमीनमालकांनी अडवला, हे खोटे आहे

गेल्या आठवड्यात पुण्याच्या पुतण्याने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक संदेश पुढे पाठवला. मुंबई-गोवा महामार्ग इतकी वर्षे का रखडला, याची कारणे त्यात क्रमाने दिली होती. कोकणी माणसाने जास्तीच्या मोबदल्यासाठी जमिनी कोर्टात अडकवल्या. कोकणच्या पावसात आणि लाल मातीत कुठलाच रस्ता टिकत नाही. समृद्धी महामार्ग झाला, कारण तिकडच्या शेतकऱ्यांनी हसत जमिनी दिल्या. कोकणाला टोल द्यायला नको असतो. आणि शेवटी, या लोकांना रस्त्याची आठवण फक्त गणपतीत होते. हाच संदेश त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवरही आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. या वेळी मात्र तो आप्पाकाकांनी वाचला. रत्नागिरी जिल्ह्यात पाली आणि लांजा यांच्यामध्ये रस्त्याला लागून त्यांचे घर आहे. महामार्गासाठी त्यांची अकरा गुंठे जमीन, हापूसची दोन धरती कलमे आणि पुढची अर्धी पडवी गेली. त्यांनी संदेशाखाली एवढेच लिहिले, “माझी जमीन कधीच गेली रे बाबा.” ऐंशी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या नातवापुढे असा खुलासा करावा लागावा, हे मला सहन झाले नाही.

हा रस्ता म्हणजे पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता. महाराष्ट्रातील चौपदरीकरणाचे काम दोन यंत्रणांकडे वाटलेले आहे. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून इंदापूरपर्यंतचे पहिले ८४ किलोमीटर केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि तिथून पुढे सिंधुदुर्गातील झारापपर्यंतचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, दहा टप्प्यांत. पहिल्या ८४ किलोमीटरचे काम २०११ मध्ये सुरू झाले. इंदापूर या नावावर थांबायचे कारण असे की संदेश लिहिणाऱ्याने ते पुणे जिल्ह्यातील इंदापूर समजून त्यावरही एक वाक्य लिहिले आहे. हे इंदापूर रायगड जिल्ह्यात, माणगावच्या अलीकडे आहे.

आता जमिनीचा आरोप. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन कशी घ्यायची, हे राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ या कायद्यात लिहिलेले आहे, आणि ज्यांना ‘जमीन अडवली’ असे म्हणायचे आहे त्यांनी त्यातील कलम ३ चे पोटभाग तरी वाचावेत. आधी ३-ए खाली अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी २१ दिवस मिळतात. हरकतींचा निर्णय झाला की ३-डी खाली घोषणा प्रसिद्ध होते, आणि ती प्रसिद्ध होताच जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन थेट केंद्र सरकारच्या मालकीची होते. त्यासाठी मालकाची सही लागत नाही आणि संमतीही लागत नाही. मोबदला सक्षम प्राधिकारी ठरवतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांताधिकारी. ती रक्कम त्याच्याकडे जमा झाली की ३-ई खाली नोटीस देऊन साठ दिवसांत ताबा मागता येतो, आणि मालकाने नकार दिला तर जिल्हाधिकाऱ्यामार्फत तो घेता येतो. मोबदला कमी वाटला तर मालकाने लवादाकडे जायचे असते, आणि मोबदल्याच्या वाटणीवरून भाऊबंदांत तंटा असेल तर तेवढा प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे पाठवला जातो. या दोन्ही प्रकारांत भांडण असते ते पैशांचे, आणि ते पैसे सरकारने आधीच जमा केलेले असतात. जमीन त्याआधीच सरकारची झालेली असते.

आप्पाकाकांचेच उदाहरण घ्या. त्यांची सगळी कागदपत्रे एका जुन्या साडीच्या पिशवीत, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेली आहेत: नोटीस, मोजणीचा नकाशा, निवाड्याची प्रत आणि ताबा पावती. कलमांचे मूल्यांकन फार कमी झाले असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी लवादाकडे अर्ज केला. तो अर्ज प्रलंबित असतानाच एका सकाळी जेसीबी आला, चिऱ्याचा गडगा गेला, मग कलमे गेली आणि दुपारपर्यंत पडवीचे वासे अंगणात उतरवून ठेवलेले होते. काकूंनी पडवीतले पाटा-वरवंटा आणि जाते तेवढे मागच्या पडवीत नेले. कोणी आडवे पडले नाही. त्यानंतर घरासमोर जो चर खणला गेला तो चार पावसाळे तसाच राहिला; त्यात पाणी साठायचे आणि घरात जायला फळी टाकावी लागायची. संदेशाच्या हिशेबाने आप्पाकाका ‘कोर्टात गेलेले’ खातेदार आहेत. त्यांच्या अर्जाने महामार्ग एक तासही थांबला नाही.

दुसरी गोष्ट नकाशावरच दिसते. खारेपाटणपासून झारापपर्यंत, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, चौपदरी रस्ता केव्हाच वापरात आला. तिथेही तीच सामाईक सातबाऱ्याची जमीन आहे, तशाच आंब्या-काजूच्या बागा आहेत, आणि मोबदल्याच्या तक्रारी कणकवली-कुडाळात काही कमी नव्हत्या. सर्वांत जास्त रखडले ते रत्नागिरी जिल्ह्यातील आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे दोन लागोपाठचे टप्पे, सुमारे ९० किलोमीटर, आणि तिथे आधीच्या ठेकेदाराकडून काम काढून घेऊन ते नव्याने द्यावे लागले. पळस्पे-इंदापूर टप्प्यातही कर्नाळा अभयारण्यामुळे लागणाऱ्या वनखात्याच्या परवानग्या आणि ठेकेदाराची पैशांची ओढाताण ही कारणे वर्षानुवर्षे सांगितली गेली. ठेकेदार निवडणे, त्याची ऐपत तपासणे, त्याच्याकडून वेळेत काम करून घेणे आणि जमीन हातात नसताना त्याला काम सुरू करायला न सांगणे, यातले कोणते काम खातेदाराचे आहे?

आणि कोकणाने जमीन देण्याचा इतिहासच पाहायचा असेल तर कोकण रेल्वे पाहावी. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, चाळीस हजारांहून अधिक खातेदारांची जमीन. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावली. आप्पाकाकांच्या धाकट्या बहिणीच्या सासरची भातखाचरे तेव्हा रेल्वेत गेली. हीच माणसे, हाच मुलूख, आणि साडेसात वर्षे.

एक गोष्ट मला मान्य करावी लागेल, आणि ती मी खुशीने करत नाही. जमिनीचे वाद मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत बोलताना भावाभावांचे तंटे, न्यायालयातील दावे आणि मोबदल्याचा घोळ यांचा उल्लेख केला, आणि संदेशातील पहिला मुद्दा बहुधा तिथूनच उचललेला आहे. परशुराम घाटात हे खरोखर घडले. मोबदल्यातील वाटा देवस्थानाचा किती, मूळ मालकाचा किती आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कुळांचा किती, या वादात परशुराम आणि पेढे या गावांच्या हद्दीतील काम अडून राहिले. कोकणातील सातबाऱ्यावर एकेका गटाला वीस-पंचवीस नावे असतात, त्यांतील निम्मी माणसे मुंबईत असतात आणि काहींचे वारसही लागलेले नसतात, हेही खरे आहे. पण परशुराम घाट हा काही किलोमीटरचा तुकडा आहे. त्या तुकड्याचे कारण साडेचारशे किलोमीटरच्या रस्त्याला लावणे, आणि त्यातून अख्ख्या कोकणाला लोभी ठरवणे, हा अन्याय आहे. गडकरींनी त्याच भाषणात त्या जूनपर्यंत रस्ता पूर्ण होईल असेही सांगितले होते. ते वाक्य संदेशात आलेले नाही.

पावसाचा मुद्दा वरवर पाहता पटण्यासारखा आहे, म्हणून तो जास्त पसरतो. कोकणात पाऊस चार महिने पडतो आणि तो भरपूर पडतो, हे कोणाला सांगायला हवे? उरलेल्या आठ महिन्यांत काय झाले, हा प्रश्न आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या आणि काही मोटारी वाहून गेल्या, आणि त्यांतील अनेकांचे मृतदेह शोधायला कित्येक दिवस लागले. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीला खुला झाला. तोच महामार्ग, तीच नदी, तीच माती. कामावर लक्ष असले, पैसा वेळेवर मिळाला आणि पावसाआधी काम संपवायचे असे ठरवले, तर काय होते याचा यापेक्षा उघड पुरावा मला माहीत नाही. उलट चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरील उड्डाणपुलाचा भाग बांधकाम चालू असतानाच १६ ऑक्टोबर २०२३ रोजी कोसळला. सुदैवाने त्यात कोणाचा जीव गेला नाही, आणि नंतर त्या पुलाची रचना बदलावी लागली. तिथे लाल मातीचा संबंध कुठे येतो? रस्ता पावसाने खराब होतो तो पाण्याला वाट ठेवली नाही म्हणून. काकांच्या घरासमोर डोंगराकडच्या बाजूला गटार न बांधताच भराव टाकला होता. पहिल्याच मोठ्या सरीत पाणी भरावाखाली शिरले आणि वरचा डांबरी वळणरस्ता खचला. मग त्यात चिऱ्याचे तुकडे आणि खडी टाकली गेली, आठ दिवसांत ती रस्त्यावर पसरली, आणि दुचाकीवाले तिच्यावरून घसरू लागले. असे एकाच पावसाळ्यात तीन वेळा झाले.

समृद्धीशी केलेली तुलना सर्व बाजूंनी चुकीची आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता सरसकट नव्या आखणीवर, एकाच महामंडळाने बांधला. चालू वाहतूक सांभाळत जुना रस्ता रुंद करण्याचा प्रश्न तिथे नव्हता. जमिनी प्रामुख्याने थेट खरेदीने घेतल्या गेल्या आणि त्यासाठी बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दर दिला गेला. तरीही सिन्नर तालुक्यातील शिवडे गावाने मोजणीला कडवा विरोध केला होता, त्यामुळे ‘हसत जमिनी दिल्या’ हे तिकडच्या शेतकऱ्यांबाबतही खरे नाही. त्यांनी योग्य दर मिळेपर्यंत भांडण केले, आणि तो त्यांचा हक्क होता. कोकणातील खातेदाराने तेच केले की तो मात्र लोभी ठरतो.

टोलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. राजापूर तालुक्यात हातिवले येथे आणि सिंधुदुर्गात ओसरगाव येथे टोलनाके उभे राहिले आणि लोकांनी विरोध केला, कारण मुंबईला जाणाऱ्या गाडीला पुढे संगमेश्वरात खड्ड्यांतूनच जावे लागत होते. रस्ता आधी पूर्ण करा आणि मग टोल घ्या, एवढीच ती मागणी होती.

राहिला गणपतीचा टोमणा. रखडलेल्या या महामार्गाबाबत वकील ओवेस पेचकर यांनी २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतर वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या, न्यायालयाने खड्ड्यांवरून शासनाची कानउघाडणी केली, आणि शासनाने २०२३ च्या अखेरीपर्यंत काम पूर्ण करण्याची हमी दिली. ती तारीख उलटून गेली. पुतण्याला मी हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा त्याने संदेश ग्रुपवरून काढला, पण ज्यांना तो पुढे गेला होता त्यांच्याकडे तो अजून आहे. आप्पाकाकांनी काल ग्रुपवर आपल्या ताबा पावतीचा फोटो टाकला आहे. पावतीवर २०१७ सालची तारीख आहे, आणि तिच्याखाली त्यांची मराठीतली सही.