लघवी काळी होणं म्हणजे गरमी निघणं नव्हे

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "पहिल्या दिवसापासून पाचशे बैठका मारा. मांड्या भरल्या तर त्यावर आणखी मारा. लघवी काळसर झाली तर अंगातली गरमी निघतेय. गोळी घ्या, शहाळं प्या, ग्राउंड चुकवू नका." सोलापुरात मी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासतो, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ती लघवी. ती गरमी नाही, तो स्नायूंतला मायोग्लोबिन. झेपेल त्याच्यापलीकडे ताणल्यावर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि हा लाल पदार्थ रक्तातून मूत्रपिंडात उतरून तिथल्या बारीक नळ्या तुंबवतो. अशा लघवीत बुडवलेली तपासणीची पट्टी 'रक्त' दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी जवळपास दिसतच नाहीत. रक्तातला सीके, म्हणजे स्नायू फुटल्यावर रक्तात उतरणारा एन्झाइम, साधारण दोनशे युनिटच्या आत असायला हवा. अशा वेळी तो हजारांच्या पुढे जातो, कधी लाखाच्याही. शिवाय तो एक ते तीन दिवस चढत राहतो, त्यामुळे व्यायामाच्या दिवशी बरं वाटलं याला अर्थ नाही.

पाचशे बैठका? बैठकीत खाली जाताना स्नायू भार पेलत लांबतो, आणि सवय नसेल तर तिथंच तो जास्त फाटतो. १६०० मीटर सहज पळणाऱ्यालाही हे होऊ शकतं, कारण त्याचा दम टिकतो, मांड्या टिकत नाहीत. तालमीतले जुने वस्ताद नव्या पोराच्या बैठका हळूहळू का वाढवत, ते यातच आलं. त्यात आपला एप्रिल-मे: पारा बेचाळिशीच्या पुढे, अंगात पाणी कमी.

मांड्या भरणं दोन-चार दिवसांत ओसरतं, हे मेसेजमध्ये नसलं तरी खरं आहे. पण मांडी सुजून टणक झाली, उकिडवं बसून उठवेना, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर आणखी बैठका मारणं म्हणजे फुटलेल्यावर घाव.

दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडावरचा ताण वाढवतात.

शहाळं एरवी चांगलंच. पण फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम आधीच रक्तात आलेलं असतं. मूत्रपिंड अडलं असेल तर शहाळ्यातलं त्यात भर घालतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी लागते ती दवाखान्यातली सलाईन, तीही लवकर. वेळेत गेलेल्या बहुतेकांची मूत्रपिंडं सावरतात, उशीर झाला तर डायलिसिसची पाळी येऊ शकते.

आणि डॉक्टरांना नुसतं "लघवी लाल होतेय" म्हणू नका, खडा किंवा इन्फेक्शन समजलं जाईल. किती बैठका मारल्या, कधी मारल्या, तेही सांगा.