पहिले नाव, सत्तर टक्के

महाराष्ट्रातील प्राध्यापक मित्रांशी पदोन्नतीविषयी बोलणे निघाले की संशोधनाच्या आशयाआधी गुणांचा हिशेब येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार शोधनिबंधाचे लेखक दोनपेक्षा अधिक असतील, तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार पाहणाऱ्या लेखकाला ७० टक्के गुण मिळतात आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे १० गुणांच्या निबंधात तिसऱ्या नावाच्या वाट्याला ३ गुण येतात, मग त्याने वर्षभर आकडेवारी गोळा केलेली असो वा नुसती संमती दिलेली असो. या नियमावर तिकडे होणारी टीका मला बव्हंशी पटते. तिच्यामागोमाग येणारे ‘परदेशात असे नसते’ हे वाक्य मात्र इंग्लंडमध्ये अर्थशास्त्र शिकवताना मला मान्य करता येत नाही.

अर्थशास्त्रात आणि गणितात नावे बहुधा रोमन वर्णानुक्रमे लावतात, त्यामुळे क्रमावरून श्रेयाचा अर्थ काढू नये अशी अपेक्षा असते. तरीही तो काढला जातो. लिरान एनाव आणि लीयात यारीव यांनी २००६ साली अमेरिकेतील विद्यापीठांविषयी दाखवून दिले, की अर्थशास्त्राच्या अग्रगण्य विभागांत आद्याक्षर जितके आधीचे, तितकी कायम नेमणुकीची शक्यता अधिक असते. वर्णानुक्रमाची रूढी नसलेल्या मानसशास्त्रात तसा परिणाम त्यांना आढळला नाही. (त्यांच्या निबंधावरही एनाव आधी, यारीव नंतर.) संदर्भ देताना पहिले नाव लिहून पुढे ‘आणि इतर’ म्हणण्याची सवय याला हातभार लावते. देवनागरीत चवर्गात बसणारे झेंडे आडनावाचे लेखक रोमन लिपीत सर्वांत शेवटी जातात आणि कायमचे ‘इतर’ होतात.

नावे वर्णानुक्रमे असली तरी वाचणारा आपल्या समजुतीने श्रेय वाटतो. हेदर सार्सन्स आणि सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार अर्थशास्त्रात, विशेषतः पुरुषांसोबत लिहिलेल्या निबंधांचे श्रेय स्त्रियांना कायम नेमणुकीच्या वेळी कमी मिळते. हे कुठल्याही नियमात लिहिलेले नसल्याने त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. त्या मानाने आयोगाचा ७०-३०चा नियम निदान कागदावर आहे आणि त्यावर भांडता येते.

त्याचा खरा दोष असा, की तो प्रयोगशाळेतील रीत सगळ्या विषयांना लावतो. जीवशास्त्रात पहिले नाव बहुतेक वेळा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. वर्णानुक्रमाच्या विषयांत मात्र हाच नियम आडनावाला गुण देतो. अनेक नियतकालिके आता निबंधाखाली कोणी काय केले ते छापतात आणि त्यासाठी १४ भूमिकांची ठरावीक यादी वापरतात. निवड समितीने ते निवेदन आणि विषयाची रूढी दोन्ही मागवावीत, असे माझे मत आहे. विद्यार्थ्याच्या निबंधाचे हे निवेदन मार्गदर्शकच भरणार असेल, तर त्यातही खोट राहील हे उघड आहे. पण निदान कोणी खोटे लिहिले ते दिसेल.

देबराज राय आणि आर्थर रॉबसन यांनी २०१८ साली नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि तसे खास चिन्हाने दाखवावे, असे सुचवले. मला ते आवडते. पण सध्याच्या नियमावलीत असा निबंध गेला, तर चिठ्ठीत ज्याचे नाव आधी निघाले त्याला ७० टक्के गुण मिळतील.