पर्यावरणाचा खर्च? टाका किरकोळमधे

जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईचा कारखाना टाकलाय ना भाऊ, मग एक गोष्ट आधीच समजून घ्या, पर्यावरणाचा खर्च शोधायचा नसतो, जिरवायचा असतो. जुनं प्लास्टिक धुतलेलं पाणी साफ करायला ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेची मोटर चालली, ते लाईट बिल. गाळ नेणारा टेम्पो गाडीभाड्यात. पाण्याचं सॅम्पल लॅबला गेलं तर किरकोळ, आणि प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटची, म्हणजे परवानगीची फी लायसनमधे. वर्षाअखेरीस टॅलीत पर्यावरण नावाचं खातं उघडलं की कोरं निघालं पाहिजे, झाला तुमचा कारखाना स्वच्छ.

कॉस्टिंगवाले उगाच चार कप्पे करतात: घाण होऊच नये म्हणून केलेला खर्च, तपासणीचा, झालेली घाण गेटच्या आत निस्तरायचा आणि गेटबाहेर गेल्यावरचा. म्हणे पहिल्या दोनात पैसा घाला, शेवटचे दोन कमी होतात. नका ऐकू भो. पहिल्याचं बिल तुमच्या नावावर फाटतं, चौथ्यातलं बरंचसं नाल्याच्या खालच्या अंगाला केळी लावलेल्या माणसाच्या, आणि त्याच्या विहिरीला फेस आला तरी तो काही तुम्हाला जीएसटी लावून इन्व्हॉइस पाठवत नाही.

आता लम्स. मशीन चालू करताना पहिला माल गोळा होऊन पडतो तो, तुम्हाला काय सांगायचं. प्लास्टिकचा दाणा विकत घेतला, वीज जाळली, मजुरी दिली आणि हाती आला गोळा. आयएसओ १४०५१ नावाचं २०११ चं एक स्टँडर्ड आहे, ते सांगतं की वाया गेलेल्या मालाची खरेदी, वीज, मजुरी सगळं त्या कचऱ्याच्याच नावावर मांडा. तसं मांडलं तर रात्री झोप लागेल का? त्यापेक्षा लम्स भंगारवाल्याला द्या, आलेले पैसे 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवा, नुकसान गेलं कुठे ते ऑडिटरलाही सापडणार नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९५ सालीच लिहून ठेवलंय की हे खर्च ओव्हरहेडमधे लपून बसतात. त्यांनी तक्रार म्हणून लिहिलंय, आपण कृती म्हणून वाचायचं. पुढेमागे दंड, नुकसानभरपाई निघू शकते म्हणून तेही आजच धरा म्हणतात, पण ते उद्याचं उद्या.

फक्त ५ जून, पर्यावरण दिन, चुकवू नका. पावसाचा पत्ता नाही, ऊन मी म्हणतंय, तरी गेटजवळ एक कडुनिंब लावा, फोटो काढा. रोप आठवड्यात वाळेल, पण फ्लेक्सचं बिल पक्कं घ्या, कोऱ्या खात्यात तेवढी एक एंट्री बरी दिसते.