चौघांच्या डावात वार कोणावर करावा

रविवारचा डाव मास्तरने जिंकला आणि मंगळवारी संध्याकाळी कट्ट्यावर त्याच डावाची चिरफाड सुरू झाली. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा ‘कमांडर’ हा प्रकार मास्तर, डॉक्टर, वकील आणि मी असे आम्ही चौघे खेळतो. प्रत्येकाचा डेक शंभर पानांचा असतो, साध्या जमिनी (खेळायला लागणारा माना, म्हणजे पानांची किंमत, देणारी पाने) सोडल्या तर त्यात कोणतेही पान दुसऱ्यांदा घालता येत नाही आणि प्रत्येकजण ४० लाइफवर सुरुवात करतो; लाइफ संपले की माणूस बाद. रिचर्ड गारफिल्ड यांचा मूळ खेळ १९९३ साली आला, त्यात दोघांच्या डावाला लाइफ २० असते. डॉक्टरची सारी तक्रार या दोन आकड्यांवरच उभी होती.

डॉक्टरचा डेक गॉब्लिनांचा आहे आणि त्याचा सरदार क्रेन्को आहे. क्रेन्कोचे पान आडवे केले, म्हणजे वापरले, की टेबलावर जितके गॉब्लिन असतील तितकेच नवे येतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. डॉक्टर नव्या गॉब्लिनांसाठी चिंचोके वापरतो, आणि रविवारी त्याच्यापुढे पंधरा चिंचोके ओळीने मांडलेले होते. ते सगळे त्याने वकिलावर सोडले. वकील ४० वरून २५ वर आला आणि पुढच्याच पाळीत त्याने रॅथ ऑफ गॉड हे पान खेळून टेबलावरचा एकूण एक प्राणी साफ केला. “दोघांच्या डावात मला वीस लाइफ संपवायचे असतात, इथे तिघांचे मिळून एकशे वीस, सहापट काम आणि डेक मात्र एकच,” असे सांगून डॉक्टरने निकाल दिला की, चौघांत वेगवान डेक चालूच शकत नाही.

वकिलाला हे पटले, पण त्याचे दुखणे वेगळे होते. मी आठ माना मोजून क्रेटरहूफ बेहेमॉथ हा प्राणी खेळलो, तेव्हा त्याने त्यावर आपला काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याची खेळी रद्द करणारे पान, खर्च केला होता. “माझे एक पान गेले, तुझे एक गेले, आणि बाकीच्या दोघांना काहीही न गमावता त्याचा फायदा मिळाला. चौघांत अडवणारा माणूस दरवेळी स्वतःच्या खिशातून सगळ्यांचा पहारा करतो,” असे तो म्हणाला. हा हिशेब अगदी खरा आहे, आणि म्हणूनच एका पानात अनेक पाने उडवणारा रॅथ चौघांत जास्त मोलाचा ठरतो. मेंढीकोटात भिडू ठरलेला असतो. इथे तो दर पाळीला बदलतो आणि त्याचे आभारही कोणी मानत नाही.

मास्तर एवढा वेळ चहा पीत गप्प होता. मला डॉक्टरचा निकाल मान्य नव्हता, म्हणून मी त्याला मास्तरची शेवटची पाळी आठवायला सांगितली. मास्तरपुढे आदल्या सबंध तासात एकही दखल घेण्याजोगा प्राणी नव्हता, म्हणून त्याला कोणी हात लावला नाही आणि तो ३८ लाइफवर निवांत बसून होता. मग त्याने बोलासेस सिटाडेल उतरवले. या पानामुळे डेकच्या वरचे पान मानाऐवजी लाइफ मोजून खेळता येते, जितकी पानाची किंमत तितके लाइफ. मास्तर एकेक पान उलटत, खेळत गेला. ३५ लाइफ त्याने असेच मोजले आणि ३ उरलेले असताना त्याला हवी असलेली दोन्ही पाने हाती लागली, ईथरफ्लक्स रेझरव्हॉयर आणि सेन्सेईज डिव्हायनिंग टॉप. टॉप आडवे करून एक पान ओढायचे, टॉप परत डेकवर जाते, ते एक लाइफ देऊन पुन्हा खेळायचे, आणि रेझरव्हॉयर प्रत्येक खेळीला आधीपेक्षा एक लाइफ जास्त देत राहते. पन्नास लाइफ साठले की एकेकाला पन्नासाचा मार. आम्ही तिघे त्याच पाळीत संपलो.

माझे म्हणणे एवढेच होते की, डॉक्टरने एकशे वीस मोजायला नको होते. ज्याचा डेक लाइफ मोजून पाने घेतो, त्याच्या लाइफवर पडलेला प्रत्येक घाव म्हणजे त्याला न मिळालेले पान असते. सिटाडेलसारखी पाने ४० लाइफच्या डावात इतकी जड पडतात ती याच कारणाने. ते पंधरा चिंचोके मास्तरवर गेले असते, तर तो २३ वर असता आणि त्या दोन पानांपर्यंत पोहोचण्याआधीच अडकला असता. वेग चुकला नव्हता, दिशा चुकली होती.

“रिकाम्या टेबलावर बसलेल्या माणसावर कोणी चाल करत नाही, लोकांना ते बरे वाटत नाही,” असे मास्तर शांतपणे म्हणाला. आपण याच भरवशावर खेळतो, हे त्याने लपवले नाही. वकिलाने मात्र मला अडवले: वार मास्तरवर झाला असता, तर २५ ऐवजी ४० लाइफवर बसलेला मी रॅथ कशाला खेळलो असतो? याला माझ्यापाशी उत्तर होते ते असे की, तेव्हा तू रॅथ राखून ठेवला असतास आणि डॉक्टरला आणखी एक पाळी मिळाली असती. वकिलाने मान हलवली, पण क्रेटरहूफ अडवण्यात आपण चुकलो हे काही त्याने कबूल केले नाही.

डॉक्टरने पिशवीतून डेक काढला आणि गॉब्लिन गाइड घालायचे ठरवले. एका मानाचा हा गॉब्लिन आल्या पाळीलाच दोनाचा मार देतो, पण समोरच्याच्या डेकवर जमीन असेल तर ती त्याच्या हाती जाते. “मला फुकट जमिनी देणार का?” असे मास्तरने विचारले. डॉक्टर म्हणाला, “चार पाळ्यांत आठ लाइफ घेतो. रविवारी तुझ्याकडे तीनच उरले होते.”