बी उगवू नये म्हणून घ्यायची काळजी

फुलांचं बी उगवणं हा त्याचा स्वभाव आहे. ते उगवू न देणं, याला मात्र मेहनत लागते.

सुरुवात पाकिटापासून करा. फक्त पुढचा फोटो बघा. निळा गुलाब दिसला की लगेच मागवा. निळा रंग देणारं डेल्फिनिडिन गुलाबात मुळात तयारच होत नाही, पण तो गुलाबाचा प्रश्न. पाकिटामागे बारीक अक्षरांत चाचणीची तारीख आणि उगवणीची टक्केवारी असते, तिकडे फिरकू नका. 100 पैकी 70च येणार हे आधीच कळलं तर नंतर चिडणार कशावर?

बियांची पारख करायची असेल तर त्या ग्लासभर पाण्यात टाका. झेंडूचं बी हलकं आणि शेपटीवालं, चांगलं असलं तरी तरंगतं. तरंगलं की फोल म्हणून फेका. उरलेलं पाकीट उघडंच खिडकीत, उन्हात आणि दमट हवेत राहू द्या. कोरड्या, गार जागी ठेवलं तर पुढच्या वर्षीही उगवेल, एवढा धोका कोण पत्करणार?

आता पेरणी. पिटुनियाचं बी धुळीसारखं, एका ग्रॅममध्ये सुमारे 10,000. त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून बोटभर खोल गाडा. वाऱ्याने उडालं म्हणजे? मॉर्निंग ग्लोरीचं कवच टणक, पण रात्रभर भिजवण्याचे लाड करू नका. मग दिवसातून तीनदा पाणी, तेही धारेने. झेंडू साधारण आठवड्यात उगवतो, तेव्हा तिसऱ्या दिवशी उकरून बघा. मोड दिसलाच तर परत दाबून टाका, उलटासुलटा कसाही. यातूनही वाचलेली निर्लज्ज रोपं सततच्या ओलीने बुरशी धरतात, बुडाशी बारीक होतात आणि आडवी पडतात. यालाच खराब बी म्हणतात.

एक पथ्य मात्र कडक पाळा. 10 बिया ओल्या टिपकागदात गुंडाळून, पिशवीत घालून आठवडाभराने मोजायचा उद्योग करू नका. मी केला होता. कुंडीत एकही न उगवलेल्या पाकिटातल्या शेवटच्या 10 बिया होत्या. 9 जणींना मोड आले. तोवर विक्रेत्याला भेसळखोर म्हणून एकच तारा देऊन झाला होता. टिपकागद फेकून दिला. तारा तसाच आहे.