मानकऱ्यांना फुल्या

सकाळपासून ओटीवर बसून मी फुल्या पुसतोय. जत्रेच्या ३०० पत्रिका, प्रत्येकीवर पाच मानकरी, प्रत्येक नावाच्या आधी दोन फुल्या आणि नंतर दोन. सहा हजार भरतात. दोन व्हाइटनर संपले. तिसऱ्याचे पैसे देवस्थान देणार नाही, असं खजिनदारांनी न विचारताच कळवलंय.

सुरुवात पुण्याच्या भाच्यापासून. "मामा, वर्ड कसलं वापरतोस? ब्राउजरमध्ये एडिटर उघड. ओपन सोर्स आहे, फुकट, काही इन्स्टॉल करायला नको. डावीकडे लिही, उजवीकडे सजलेलं लगेच दिसेल." दिसतं, नाही असं नाही. ओळीआधी हॅश टाकला की मथळा, शब्दाला दोन्हीकडून एकेक फुली लावली की तिरकं, दोन-दोन लावल्या की ठळक. या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रुबर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ती २००४ साली काढली, आणि हेतू असा की खुणांसकट कच्चा मजकूरही कोणालाही सहज वाचता यावा. हेतू उत्तमच. पण मराठीत फुल्या कशाच्या जागी घालतात हे त्यांना कळायला ते काही मालवण तालुक्यात जन्मले नव्हते.

शेजारचे आबा मात्र जन्मले होते. आबा रोज चारला चहाला येतात आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहून पितात. त्या दिवशी घोट अर्ध्यावर थांबला.

"झिला, सरपंचाक फुल्यो कित्याक घातलंस?"

"शिवी न्हय ती, आबा. दोन फुल्यो घातल्यो की अक्षरा ठळक जातत. उजवीकडे बघा."

आबांनी उजवीकडे पाहिलं. सरपंच तिथे काळेभोर, रुबाबदार. परत डावीकडे पाहिलं. तिथे फुल्या.

"म्हणजे डावीकडसून गाळी नि उजवीकडसून मान? मेल्या, ह्या तर गावचा राजकारण!"

एवढ्यावर ते घरी गेले असते तर बरं झालं असतं. पण आता यादी आली. आमच्याकडे मानकऱ्यांचा क्रम ही काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. जेवणाच्या पंगतीत पाट कोणाचा आधी मांडला यावरून दोन घरांत आठ वर्षं बोलणं नव्हतं, आणि ती घरं सख्ख्या भावांची. तर मी देवनागरी आकडे घालून नावं लिहिली. एडिटरने ढुंकून पाहिलं नाही. त्याला यादीसाठी इंग्रजीच आकडे लागतात! ते घातल्यावर एक गंमत कळली: डावीकडे प्रत्येक नावाआधी एकच लिहिलं तरी उजवीकडे एक, दोन, तीन असे आकडे पडतात. आबांना डावी बाजू फार आवडली. "सगळ्यांका एक नंबर! बरा केलंस." मग नजर उजवीकडे गेली.

"हय ह्येका पाचवो कोणी केलो?"

"आपोआप जाता ता."

"आपोआप? नळाक पाणी येणा नाय आपोआप, आनि मानकरी पाचवो आपोआप?"

देवाचं गाऱ्हाणं टाकलं तर त्याहून वाईट. ओळ संपली की मी एंटर मारत होतो. उजवीकडे सगळ्या ओळी एकाला एक चिकटून 'व्हय म्हाराजा' अधांतरी लोंबकळत होतं. ओळ तोडायची तर म्हणे शेवटी दोन स्पेस द्यायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या! हे कोणाला सुचलं असेल?

"ह्येचो मालक कोण?" आबा म्हणाले. "तेका फोन लाव."

मालक नाही, कोड सगळ्यांना खुला आहे, कोणीही सुधारावा, असं मी समजावलं. आबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे सामायिकातला कलम. आंबे काढूक सगळे, खत घालूक कोण नाय."

यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण मीही एक दमडी न देता वर कुरकुरत होतो. पण फुकट आहे म्हणून माणसाने बोलायचंच नाही का? कोणावर ओरडायचं तेही कळत नाही, ही त्यातली खरी चीड.

मग संध्याकाळी लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी चार टक्के. मी घाईघाईत सगळं निवडून कॉपी केलं आणि छापखान्याला पाठवलं. डाव्या बाजूचं. छापखान्यात तर आलं तसं छापतात.

एक सांगितलं पाहिजे, गाऱ्हाणं अगदी सुरेख छापलं गेलं. ओळीखाली ओळ. क्रमाचं भांडणही यंदा झालं नाही, कारण पाचही मानकरी एक नंबर. फक्त पाचही फुल्यांत. सरपंच काल बाजारात समोरून आले आणि माझ्याकडे न बघता मासळीच्या टोपलीत बघत निघून गेले. टोपली रिकामी होती.

आत्ता आबा आले. चहा अजून झालेला नाही. त्यांनी एक पत्रिका उचलली, चष्मा सारून नावांवरून बोट फिरवलं आणि माझा ब्रश धरलेला हात थांबवला.

"चौथ्याच्यो रव्हांदे. थंय बरोबर आसत."